बाकावर बसतील तितके

मी एक जुना बाक आहे. खरं तर अर्धाच उरलो आहे. पण अर्ध्या बाकाला निराळं नाव नसतं, म्हणून ओळख पूर्ण नावानं करून देतो. मित्रांनो, छत्री, घड्याळ, फाटकं पुस्तक वगैरे मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की आधी माणसाचे आभार मानतात. मला ते जमणार नाही. त्यांनी माणूस समोरून पाहिला, मी खालून पाहिला. त्यामुळे माझ्या मनात माणसाविषयी जी भावना आहे तिला सभ्य भाषेत किळस म्हणतात. असभ्य भाषेतला शब्द मला ठाऊक आहे, कारण तो माझ्यावर बसूनच पुष्कळदा उच्चारला गेला.

माझा जन्म सांगलीला शांतिनाथअण्णांच्या लाकडाच्या वखारीत झाला. अण्णांचे वडील आदगोंडा, म्हणजे घरातले आप्पा, वारले, तेव्हा त्यांच्या नावानं काहीतरी टिकाऊ करावं असं घरात ठरलं. अण्णांनी चांगला मुरलेला साग काढून दिला. सुतारानं मला रंधा मारला, खाचेत खाच बसवली, एक खिळा म्हणून वापरला नाही. दोन्ही टोकांना पाय, शिवाय मधे एक जोडी. पाठीच्या फळीवर पेंटरनं लाल अक्षरांत लिहिलं, ‘कै. आदगोंडा यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. तेव्हा मी दिसायला देखणा होतो. माझ्यावर हात फिरवून माणसं ‘वा’ म्हणत. हात फिरवत, बसत नसत. तेवढाच काय तो माझा सुखाचा काळ.

अण्णा मला आधी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिराच्या आवारात, ठेवणार होते. मग त्यांच्या मनात आलं की तिथं लोक डोळे मिटून बसतात. आप्पांचं नाव वाचणार कोण? पलूसच्या अलीकडे एका गावात त्यांचा ऊस होता. त्या गावात फुटबॉलचं मंडळ होतं आणि फुटबॉल बघणारा माणूस डोळे उघडे ठेवतो असं अण्णांना कोणीतरी सांगितलं. मी रिकाम्या परतणाऱ्या उसाच्या ट्रकमधून त्या गावच्या गायरानात येऊन पडलो.

त्या गावात फुटबॉल कसा आला, हे सांगायला हवं. गावातले निम्मे गडी पलटणीत. पेन्शनीत निघताना कोणी रेडिओ आणला, कोणी काळी ट्रंक. हवालदार नाथाजींनी चेंडू आणला. गायरानातल्या बाभळी तोडून त्यांनी मैदान केलं, बांबूचे खांब रोवून गोल केले आणि पोरांना पहाटेपासून पळवायला लागले. गावाला खेळ कळायला वेळ लागला. गावाचा जुना खेळ हुतूतू. त्यात बाद झालेल्या गड्याला ‘मेला’ म्हणतात. तो बाहेर बसतो आणि आपल्या बाजूनं गुण मिळवला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. त्यामुळे माझ्यावर बसलेले गडी हे मेलेले गडी आहेत, अशी गावाची प्रामाणिक समजूत होती. आमचे गडी सामन्याच्या आधीच मरून का बसतात, हेच तेवढं कोणाला उमगत नव्हतं.

बनुबाई त्यातल्याच. त्यांचा भाचा कृष्णात बहात्तरच्या दुष्काळात वडूजकडून मामाकडं आला आणि इथंच राहिला. उसाला पाणी पाजायचं, गुरं बघायची आणि उरलेल्या वेळात पळायचं, असा त्याचा दिवस. नाथाजींनी त्याला पळताना पाहिला आणि मंडळात घेतला. संघात मात्र तो माझ्यावरच बसला. पहिल्या सामन्याला बनुबाई बांधावर भाकरीचं टोपलं घेऊन उभ्या होत्या. भाचा बाहेर बसलेला बघून त्यांनी तिथूनच विचारलं, “किस्नात, मेलास व्हय रं?”

“मेलो न्हाई मामी. राखीव हाय.”

“मंग कवा जित्ता करत्यात तुला?”

मैदान हसलं. कृष्णात हसला नाही. तेव्हापासून प्रत्येक सामना संपला की बनुबाई तेच विचारत, “आज तरी जित्ता केला का रं?” आणि तो माझ्यावरून उठून, पायांत घट्ट बांधलेले कोरे बूट सोडत, नकारार्थी मान हलवी.

आता ज्या गोष्टीनं माझं आयुष्य नासवलं, तिच्याकडे वळतो. बाकावर राखीव गडी किती असावेत?

या प्रश्नावर मंडळाची बैठक भरली. माझ्याविषयीची बैठक माझ्यावरच बसून झाली, मला मात्र कोणी विचारलं नाही. हवालदारांचं म्हणणं सरळ होतं. सामन्यात दोघंच बदलता येतात. तेव्हा बाकावर तिघं पुरेत, दोन खेळायला आणि एक त्यांतला कोणी आजारी पडला तर. मंडळाचे अध्यक्ष नानासो होते. त्यांना पुढंमागं साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे फुटबॉल नव्हता, गावाच्या आळ्या होत्या. खालच्या आळीचा एक, वरच्या आळीचा एक, मळ्यातला एक, पाव्हण्यांतला एक, असा त्यांचा हिशेब चालला होता. खेळायला नाही मिळालं तरी माणूस रागावत नाही, बसायला नाही मिळालं तर रागावतो, असं त्यांचं मत होतं. आणि मित्रांनो, मी खालून सांगतो, ते मत खरं होतं.

शांतिनाथअण्णा देणगीदार म्हणून आले होते. त्यांचं म्हणणं पडलं की राखीव गडी मुळीच नकोत. “आवं, आमच्या आप्पांचं नाव वाचायला म्हणून लोक हितं यायचं,” ते म्हणाले, “आणि बघतो तर नुसत्या ह्यांच्या पाठी.” राखीव गड्यांनी पुढं जमिनीवर बसावं, असा तोडगा त्यांनी सुचवला. नानासो म्हणाले, जमिनीवर बसायला त्यांची घरं हायतच की.

शेवटी सगळ्यांना पटेल असा नियम नानासोंनीच काढला. बाकावर बसतील तितके. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांनी मनातल्या मनात जाडजूड माणसं बसवून पाहिली आणि ते खूश झाले. हवालदारांनी पलटणीच्या शिस्तीत, गुडघे जुळवून बसवली. नानासोंनी कशी बसवली ते पुढच्या सामन्याला कळलं.

नियम जाहीर झाला आणि आमच्या मैदानावर येणारे लांबचे-जवळचे सगळे संघ त्याच्याशी बांधले गेले. पहिल्या वर्षी बारीक अंगाचे गडी निवडले गेले. राखीव गोलरक्षक तब्येतीनं बसत नाही म्हणून वगळला. दुसऱ्या वर्षी आडवं बसायची पद्धत निघाली, म्हणजे एका बाजूनं बसायचं आणि दुसरी बाजू वाऱ्यावर सोडायची. वाईकर तर शाळेतला बाक घेऊन आले. त्याला पुढं लिहायची फळी होती. तिच्यावरही त्यांनी गडी बसवले आणि हाही बाकच आहे असं पंचाला पटवलं. तेव्हा नानासो इरेला पेटले. नियमात राखीव वाढवायला बंदी असेल, बाक वाढवायला कुठं हाय, असं म्हणून त्यांनी माझ्या एका टोकाला बाभळीची फळी ठोकवली आणि दुसऱ्या टोकाला चहाच्या खोक्याची. खिळ्यांनी. सागाच्या अंगात खिळा. फळ्यांखाली पाय लावायचं कोणाला सुचलं नाही. भार सगळा माझ्यावर. आजवर मी नावाचा बाक होतो, आता मला खराखुरा बाक आला. मी मधोमध वाकलो.

वाकल्याचं मला एवढं दुःख नव्हतं. माझ्यावर जे बसत त्यांची शिसारी होती. नानासोंच्या जावयाचा भाऊ लालासाहेब हा त्यांचा मुकुटमणी. साताऱ्याहून मुद्दाम सामन्याला यायचा. त्याच्या खेळाच्या सदऱ्याची इस्त्री कधी मोडली नाही आणि हातातलं घड्याळ कधी उतरलं नाही. तो तंबाखू मळायचा आणि बोटाला राहिलेला चुना माझ्या कडेला पुसायचा. बाकीचे ऊस खाऊन चोयट्या माझ्या फटींत खुपसत. पायांना शेंगतेल चोळून, जसं काही आता वाघाशी झुंज आहे असं ते बसत आणि ते तेल माझ्या सागात मुरे. मोजे वाळत घालायचे ते माझ्या पाठीवर, ‘स्मरणार्थ’च्या बरोबर वर. एकदा लालासाहेबाला कंटाळा आला म्हणून त्यानं चाकूनं माझ्या पाठीवर स्वतःचं नाव कोरलं. मोकळी जागा ‘कै.’ आणि ‘आदगोंडा’ यांच्या मधेच होती. तेव्हापासून तो माझ्या लेखी कैलासवासी आहे.

या सगळ्यांत एकाच गड्याचा मला वीट आला नाही. कृष्णात मधल्या आणि डाव्या पायांच्या मधे बसायचा, सागावर. बूट शिट्टीच्या आधी बांधायचा आणि शेवटच्या शिट्टीनंतर सोडायचा. चेंडू उजव्या कडेनं निघाला की त्याच्या टाचा माझ्याखाली जमीन दाबायच्या. आत खेळणाऱ्यानं चेंडू कुठं द्यायला हवा होता, ते मला त्याच्या टाचांवरून कळायचं. तो चार वर्षं असा बसून खेळला. मामाच्या गावात राहणाऱ्याची आळी नसते, आणि ज्याला आळी नाही त्याच्यासाठी उठा म्हणणारंही कोणी नसतं. हवालदार म्हणत, पण हवालदारांचा हुकूम पहाटे चाले, दुपारी सामन्याला नानासोंचा.

मग ती अंतिम सामन्याची दुपार आली. समोर वाईकर. हवालदारांच्या जुन्या पलटणीतले एक सुभेदार खास आले होते. पलटणीच्या संघासाठी त्यांना गडी हवे होते; जो मैदानात डोळ्यांत भरेल त्याची खेळाडू म्हणून भरती होणार होती. कृष्णातचं भरतीचं वय पुढच्या हंगामाआधी सरणार होतं. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही. हवालदारांनी त्याला शब्द दिला होता की दुसऱ्या डावात तुला उतरवतोच. सुभेदारांना संध्याकाळच्या साताऱ्याच्या गाडीनं परत जायचं होतं.

सामन्याआधी सांगलीहून फोटोग्राफर आला. फोटो म्हटल्यावर माझ्यावर जी गर्दी झाली तिचं वर्णन करताना अजून माझी गाठ दुखते. लालासाहेबाला मधली जागा हवी होती. नानासोंनी कृष्णातला गोड आवाजात सांगितलं की फोटोपुरता जरा मागं उभा राहा. तो मागं उभा राहिला. फोटो झाला. फोटोग्राफर गेला. जागा मात्र कोणी परत दिली नाही. फोटोपुरत्या उठवलेल्या माणसाची जागा परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पहिला डाव संपला तेव्हा वाईकर एका गोलनं पुढं होते. दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आमच्या उजव्या बाजूचा गडी पाय मुरगळून खाली बसला. हवालदारांनी त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणलं आणि कृष्णातला खूण केली. कृष्णात पुढं झाला. तेवढ्यात वाईकरांचा म्होरक्या पंचाकडे गेला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, नियम तुमच्याच गावचा आहे. बाकावर बसतील तितके राखीव. हा गृहस्थ उभा आहे.

पंचानं पाहिलं. गृहस्थ उभा होता.

हवालदारांनी माझ्यासमोर येऊन सांगितलं की एकानं उठा, याला बसू द्या. कोणी हललं नाही. एकजण बुटाची नाडी बघू लागला. एकाला एकाएकी ढग दिसले. हवालदार लालासाहेबासमोर उभे राहिले.

“ऊठ रं.”

“आवं हवालदार, उठलो तर माझी जागा जाईल की.”

“मग तूच उतर खेळायला.”

“मी?” लालासाहेबानं घड्याळ पाहिलं, जणू त्यात उत्तर होतं. “मला कशाला. मी राखीव हाय.”

आणि मित्रांनो, त्या रांगेतल्या प्रत्येकानं हळूहळू तेच सांगितलं. मी राखीव हाय. खेळायची कोणाची तयारी नव्हती आणि उठायचीही नव्हती. नानासो पडत्या आवाजात हवालदारांना म्हणाले, एक गडी कमी असला म्हणून काय बिघडतंय, रेटा तसंच, उगं आळीत वाकडं नको. पलीकडे सुभेदार उठून उभे राहिले होते आणि रस्त्याच्या दिशेनं बघत होते. बांधावर बनुबाई टोपलं खाली ठेवून उभ्या होत्या.

कृष्णात माझ्या पाठीमागं येऊन परत उभा राहिला. त्यानं दोन्ही हात माझ्या पाठीच्या फळीवर ठेवले. त्याची बोटं ती लाल अक्षरं टाचांसारखी दाबत होती आणि बाकाला बोटांतलं सगळं कळतं.

मी आयुष्यभर एकच काम केलं होतं, पेलण्याचं. ज्याला पेलावं असं वाटत नाही त्यालाही पेलायचं, हा बाकाचा धर्म. पण त्या क्षणी मला इतका वीट आला की मी तो धर्म सोडला. गावचा सुतार नंतर म्हणाला, खिळे गंजले होते. मी वाद घालत नाही. मी फक्त एवढंच सांगतो की मी सोडून दिलं.

आधी बाभूळ निसटली, मग खोक्याची फळी, आणि मग मी मधल्या पायाशी कडाडलो. ती सगळी राखीव फौज एकमेकांच्या अंगावर कोसळली. इतके सगळे एकदम जमिनीवर उतरल्याचा तो मंडळाच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग. लालासाहेबाची इस्त्री मोडली. पाठीची फळी आडवी होऊन पडली आणि आदगोंडांचं नाव, मधल्या कैलासवाशासकट, प्रथमच आभाळाला पूर्ण दिसलं.

धूळ बसली तेव्हा मधल्या पायांपासून डाव्या पायांपर्यंतचा माझा तुकडा तेवढा उभा होता. एक माणूस बसेल एवढा.

हवालदार म्हणाले, “किस्नात, बस.”

तो पुढं येऊन बसला. अगदी सावधान बसला, गुडघे जुळवून. हवालदारांनी पंचाकडे पाहिलं. पंचानं वाईकरांच्या म्होरक्याकडे पाहिलं. तो आपल्या जागी परत गेला.

“ऊठ,” हवालदार म्हणाले.

तो उठला आणि आत गेला. बांधावरून बनुबाईंचा आवाज आला, मोठा नाही, शेजारणीला सांगावं तसा: “जित्ता झाला.”

त्यानं गोल केला असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी बाक आहे, वार्ताहर नाही. चेंडू घेऊन तो उजव्या कडेनं असा सुटायचा की वाईकरांचे दोन गडी त्याच्यामागं नुसती धूळ खात राहायचे. एकदा त्याचा चेंडू बांबूच्या खांबाला लागला आणि सगळा गोल हलला. सामना आम्ही हरलो. पण सुभेदार परत खाली बसले होते आणि साताऱ्याची गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली होती.

सामना संपल्यावर त्यांनी हवालदारांना विचारलं, “हा इतके दिवस कुठं होता?”

“बाकावर.”

सुभेदारांनी माझ्या तुकड्यांकडे पाहिलं. “मग मोडला ते बरं झालं,” ते म्हणाले. माझ्या कामाबद्दल मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

कृष्णात भरती झाला. मंडळाची पुन्हा बैठक भरली. खूप विचार करून असं ठरलं की दोष बाकाचा होता. पुढच्या हंगामापासून मांडववाल्याच्या लोखंडी खुर्च्या आल्या आणि नवा नियम झाला, खुर्च्या असतील तितके. मांडववाला नानासोंच्या आळीतला होता. शांतिनाथअण्णांनी पाठीची फळी वखारीत नेली आणि मधलं नाव रंधा मारून काढलं. बाभूळ आणि खोकं कोणाच्यातरी चुलीत गेलं. माझा तुकडा गायरानात उन्हात पडून होता. कुत्री यायची, पाय वर करायची आणि जायची. लालासाहेबानंतर मला त्यांचं विशेष वाटलं नाही.

एके दिवशी बनुबाईंनी मला डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. आता मी त्यांच्या दारात पाण्याचे हंडे पेलतो. हंडा येतो, बसतो, त्याची वेळ झाली की उचलला जातो. एकही हंडा आजवर मला म्हणाला नाही की मी राखीव हाय.

मित्रांनो, बाकावर तीन बसवावे की तेरा, यावर मोठी माणसं अजूनही भांडतात. त्यांना भांडू द्या. तुम्ही मोठे झालात की कुठल्यातरी मंडळात तुमच्याही हातात हा अधिकार येईल. तेव्हा बाक किती लांब आहे ते मोजू नका. त्यावर बसलेल्यांच्या टाचा बघा. ज्याच्या टाचा जमीन दाबत असतील त्याला वेळेवर उठवा, आणि ज्याला उठवायचं नाही त्याला बसवून आमचं लाकूड नासवू नका. उसाच्या चोयट्याही फटींत घालू नका. एवढीच विनंती.

मागच्या महिन्यात कृष्णात सुट्टीवर आला होता. आल्या आल्या त्यानं हंडे खाली ठेवले आणि माझ्यावर बसला. टाचा आता शांत होत्या. आतून बनुबाई म्हणाल्या, “किस्नात, ऊठ रं, भाकरी निवती.”

तो म्हणाला, “बसू दे की मामी जरा.”

मी त्याला हवा तितका वेळ पेललं.